रात्रीचा गल्ला की महिन्याची वर्गणी: क्लब आणि ऑनलाइन प्रौढ मनोरंजनाचा हिशेब कसा मांडावा

या धंद्याची तुलना करताना बहुतेक जण उलाढाल बघतात आणि तिथेच चुकतात. बघायचं ते हे की ग्राहकाच्या डॉलरला कुठे कुठे कात्री लागते आणि मंदीच्या रात्रीचा तोटा कोणाच्या पदरी पडतो. इथे अमेरिकेतला स्ट्रिप क्लब आणि ओन्लीफॅन्स, म्हणजे निर्माते वर्गणी घेऊन मुख्यतः प्रौढ मजकूर विकतात ती साइट, यांचा हिशेब घेतला आहे. खालच्या दोन्ही मांडण्यांतले आकडे नमुन्याचे आहेत. आपल्याकडचे खरे आकडे त्या जागी घाला.

आधी क्लब. अमेरिकेत बहुतेक नर्तकींना पगार नसतो. उलट कामाची पाळी सुरू करण्यासाठी नर्तकीच क्लबला 'हाउस फी' देतात. समजा फी ८० डॉलर आहे. २५ डॉलरची १६ खासगी नृत्यं झाली, म्हणजे ४०० डॉलर. त्यातले दर नृत्यामागे १० क्लबचे, म्हणजे १६० गेले. मंचावरची टीप १२०. डीजे आणि बाउन्सर यांना ४०, प्रवास आणि मेकअपला ३०. हातात उरले २१०. तयारी आणि येण्याजाण्यासकट नऊ तास धरले तर तासाला २३ डॉलर. आता हीच पाळी पावसाळी मंगळवारची धरा: पाच नृत्यं, टीप ४०, डीजे-बाउन्सरला २०. क्लबचे ५०, फी ८० आणि प्रवास-मेकअपचे ३० वजा केले की १५ डॉलर खिशातूनच जातात. फी ठरावीक आणि कमाई बेभरवशाची, म्हणून मंदीचा फटका आधी नर्तकीला बसतो. म्हणूनच एका चांगल्या शनिवारवर सरासरी काढू नका. निदान आठ आठवड्यांच्या सगळ्या पाळ्या वहीत उतरवा. वॉशिंग्टन राज्याने २०२४ च्या कायद्याने या फीवर मर्यादा घातली: आठ तासांना १५० डॉलर किंवा टीप सोडून झालेल्या कमाईच्या ३० टक्के, यांतलं जे कमी असेल ते. हे फार आधी व्हायला हवं होतं.

मालकाच्या बाजूने पाहिलं तर मजुरी हा खर्च राहत नाही, ती जमेची बाजू होते. मात्र नर्तकी 'स्वतंत्र कंत्राटदार' नसून नोकरदार आहेत असं न्यायालयाने ठरवलं, तर मागील वेतन आणि घेतलेली फी एकदम अंगावर येते. कंत्राटदार ठरवण्याचे निकष कडक करणाऱ्या २०१८ च्या डायनामेक्स निकालानंतर कॅलिफोर्नियात ही जोखीम बरीच वाढली. क्लब विकत घेताना ही रक्कम ताळेबंदात वेगळी दाखवा. दुसरं म्हणजे दारूचा परवाना नीट वाचा. कॅलिफोर्नियात पूर्ण नग्न नृत्याच्या क्लबला दारू विकता येत नाही, त्यामुळे तिथे सगळा भार प्रवेशशुल्कावर आणि नृत्यांवर पडतो. आणि क्लब कुठे चालावा हे शहराचे झोनिंग नियम, म्हणजे कुठल्या भागात कुठला धंदा चालेल याचे नियम, ठरवत असल्याने, जुन्या क्लबची खरी किंमत इमारतीपेक्षा परवान्यात असते.

आता ऑनलाइन. ओन्लीफॅन्स २० टक्के ठेवतं, ८० टक्के निर्मात्याला देतं. समजा १२० वर्गणीदार १० डॉलरचे, शिवाय सुटे व्हिडिओ आणि टीप मिळून ८०० डॉलर. एकूण २,०००, ओन्लीफॅन्सचे ४०० गेले. कार्डधारकाने बँकेकडे तक्रार करून परत घेतलेले पैसे, म्हणजे चार्जबॅक, ४० धरा. साधनांची झीज आणि चोरलेले व्हिडिओ हटवण्याचा खर्च १००. उरले १,४६०. चित्रीकरण, प्रसिद्धी आणि रोजचे निरोप यांचे ११० तास मोजले की तासाला १३ डॉलर. निरोपांचे तास बहुतेक जण मोजतच नाहीत, आणि नफा फुगलेला दिसतो. गळतीही मांडा: महिन्याला ३० टक्के वर्गणीदार गेले तर आहे तिथेच राहायला ३६ नवे आणावे लागतात.

नोव्हेंबर २०२३ ला संपलेल्या वर्षात ओन्लीफॅन्सवर ग्राहकांनी ६.६ अब्ज डॉलर खर्च केले, निर्मात्यांना सुमारे ५.३ अब्ज मिळाले आणि निर्मात्यांची खाती ४१ लाख होती. भागाकार केला तर खात्यामागे वर्षाला सुमारे १,२९० डॉलर येतात. वरची मोजकी खाती मोठा वाटा नेतात, म्हणून सामान्य खात्याची कमाई याहून कमीच धरा.

स्वतःची साइट काढली तर २० टक्के वाचतील हा हिशेब कच्चा आहे. प्रौढ मजकुरासाठी कार्ड स्वीकारणाऱ्या कंपन्या दहा ते पंधरा टक्के घेतात, काही रक्कम महिनोन्महिने राखून ठेवतात. शिवाय वयाची आणि संमतीची कागदपत्रं तुम्हालाच सांभाळावी लागतात.

दोन्हीकडे उरलेल्या रकमेवर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागतो, प्राप्तिकर वेगळा.

भारतात यातला ऑनलाइन रकाना मांडूच नका: लैंगिक कृत्याचा मजकूर प्रसारित करणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-अ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद. महाराष्ट्रातले डान्स बार वेगळ्या चौकटीत येतात. जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार टीप देता येते, नोटा उधळता येत नाहीत.

शेवटी राखीव निधी. ऑगस्ट २०२१ मध्ये ओन्लीफॅन्सने बँकांच्या दबावाचं कारण देत लैंगिक मजकूर बंद करण्याची घोषणा केली आणि आठवडाभरात मागे घेतली. क्लबचा परवाना नोटीस देऊन जातो, ऑनलाइन खातं एका ईमेलने बंद होतं. म्हणून ऑनलाइन कमाई करणाऱ्याने तीन महिन्यांचा खर्च साइटबाहेरच्या बँक खात्यात ठेवावा आणि साइटवरची शिल्लक दर आठवड्याला काढून घ्यावी.