सोलापुरात घर भाड्याने देताना-घेताना : कोणता कागद कुठे करायचा

जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडला दुसरा फ्लॅट घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : भाड्याने द्यायला महापालिकेचा परवाना लागतो का? असा वेगळा परवाना नाही. देखरेख आहे, पण ती तीन दारांत वाटलेली आहे : दुय्यम निबंधक (दस्तांची नोंदणी करणारा सरकारी अधिकारी), पोलीस ठाणे आणि महापालिकेचा कर विभाग. पहिलं दार सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक नेमकं तेच चुकवतात.

करार नोंदवा

पाचशेचा स्टॅम्प, अकरा महिन्यांची मुदत, खाली नोटरीचा शिक्का, झालं काम! हा समज इतका पक्का आहे की शिकलेली माणसंही त्यावर वाद घालतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ मात्र मुदत बघत नाही. करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठा फटका असा, की उद्या वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात. त्या खोट्या आहेत हे मालकानं सिद्ध करायचं.

खर्च ऐकून बरेच जण चकित होतात. भाडं ८,००० आणि डिपॉझिट ३०,००० धरा. अकरा महिन्यांचं भाडं ८८,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी येणारं व्याज मिळवायचं, आणि बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. म्हणजे तीनशेच्या आतच. शहरात नोंदणी फी १,०००. हे काम ऑनलाइन होतं. आधार क्रमांक, अंगठा आणि दोन साक्षीदार लागतात. अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येणारे एजंट असतात, त्यांचे पैसे वेगळे, ते आधीच ठरवून घ्या. फी कोणी भरायची तेही. निम्मी-निम्मी हा बरा तोडगा.

सही करण्याआधी मसुदा दोघांनी वाचावा. छापील नमुन्यात सोलापूरचा खरा प्रश्न कधीच नसतो : पाणी. नळ किती दिवसांआड येतो, टाकी केवढी, मोटर कोण लावणार, उन्हाळ्यात टँकर मागवला तर पैसे कोणाचे, हे लिहून घ्या. सबमीटर असेल तर युनिटचा दरही. भांडणं भाड्यावरून कमी आणि याच गोष्टींवरून जास्त होतात.

पोलिसांना कळवा

करार झाला की घर ज्या ठाण्याच्या हद्दीत आहे तिथे, मग ते विजापूर नाका असो की जोडभावी पेठ, भाडेकरूची माहिती द्या : फोटो, आधार, मूळ पत्ता, कामाचं ठिकाण. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवरूनही ती भरता येते. पोच जपून ठेवा. ही फक्त माहिती असते, चारित्र्याचा दाखला नव्हे. त्यामुळे भाडेकरूनं मनाला लावून घेऊ नये आणि मालकानंही त्यावर निर्धास्त होऊ नये.

महापालिका

घरपट्टीचा पाया म्हणजे घराला वर्षाला मिळू शकणारं भाडं, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून. म्हणूनच काही मालक भाडेकरू दाखवतच नाहीत. माझ्या मते ही बचत फसवी आहे, कारण नोंदणीकृत करार सरकारदरबारी असतोच.

भाडेकरूनं इथे एक गोष्ट जरूर विचारावी. पेठांमधले जुने वाडे स्वस्तात मिळतात, पण इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर संरचनात्मक तपासणीचा दाखला मागा. धोकादायक इमारतीची नोटीस लागली आहे का, हे महापालिकेच्या विभागीय कार्यालयात कळतं.

मुदत संपताना

'राहू द्या अजून वर्षभर' असं तोंडी ठरवू नका. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर घर सोडलं नाही तर भाडेकरूला दुप्पट भाडं द्यावं लागू शकतं, आणि ताबा मिळवायला मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जाऊ शकतो. राहायचंच असेल तर मुदत संपण्याआधी नवा करार करून तो पुन्हा नोंदवा, आणि पोलीस ठाण्यात नव्या कराराची प्रत द्या.