कमी भाव सापडला, पण ओळ दुसऱ्याचीच

सातपूरला पहिली नोकरी लागली, तेव्हा ‘एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) येतं’ असं मी मुलाखतीत ठणकावून सांगितलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात कांदा लिलावाचा तक्ता हातात आला: बाजार, तारीख, व्यापारी, क्विंटलचा भाव. लासलगाव, पिंपळगाव, येवला अशा प्रत्येक बाजारातला सगळ्यात कमी भाव काढायचा आणि तो कोणी, कधी लावला तेही दाखवायचं.

मी सिलेक्टमध्ये, म्हणजे काय दाखवायचं त्या यादीत, बाजार, मिन(भाव) म्हणजे किमान भाव, व्यापारी, तारीख टाकलं, खाली ग्रुप बाय बाजार, म्हणजे बाजारवार गट. उत्तर आलं, रिपोर्ट गेला. सकाळी ग्राहकाचा फोन: “भाव बरोबर आहे हो, पण हा माल त्या व्यापाऱ्यानं घेतलाच नव्हता!”

मिन आकडा देतं, ओळ देत नाही. आमच्या जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसने व्यापारी आणि तारीख गटातल्या कुठल्याही ओळीतून उचलली होती. 2015 च्या 5.7 आवृत्तीपासून ते मूळ सेटिंगमध्येच अशी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) नाकारतं, पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस तर आधीपासूनच. एरर आली की नवखे वैतागतात. मला मात्र ती हवी होती.

दुरुस्ती दोन पायऱ्यांची. आतल्या क्वेरीत प्रत्येक बाजाराचा किमान भाव काढा, मग तो मूळ तक्त्याशी जॉईन करा, म्हणजे जुळणाऱ्या ओळी जोडा, बाजार आणि भाव दोन्हींवर. मी घाईत फक्त भावावर जोडलं. लासलगावचा किमान भाव 700 होता, आणि येवल्यात त्याहून कमी भाव असतानाही तिथली 700 ची ओळ यादीत येऊन बसली.

दुसरा मार्गही आहे: मायएसक्यूएल 8.0 पासून विंडो फंक्शन आहेत, ती ओळी न गुंडाळता गटातल्या प्रत्येक ओळीला क्रमांक देऊ शकतात. रो_नंबर() ओव्हर (पार्टिशन बाय बाजार ऑर्डर बाय भाव) लिहायचं आणि बाहेरच्या क्वेरीत क्रमांक 1 ठेवायचा. ही अट त्याच क्वेरीच्या व्हेअरमध्ये (ओळी गाळण्याच्या भागात) चालत नाही, कारण व्हेअर आधी चालतं, क्रमांक नंतर पडतात.

दोन वक्कलांना (लिलावातल्या मालाच्या ढिगांना) सारखाच कमी भाव लागला तर? रो_नंबर एकच ठेवतं, रँक दोन्ही. हे ग्राहकाला आधी विचारा. मी विचारलं नव्हतं, त्यांना दोन्ही हवे होते.

रँक लावून पुन्हा चालवलं, तर येवल्याचा भावच कोरा! मिन नल, म्हणजे न भरलेली नोंद, सोडून देतं, पण मायएसक्यूएलच्या चढत्या क्रमात नल सगळ्यात वर येतो. ‘भाव इज नॉट नल’ घातलं तेव्हा कुठे रिपोर्ट पास झाला.