डिंकाची ताकद मोजायला शिकवताना

आठवीच्या ‘बल व दाब’ या पाठातलं ‘दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ’ हे सूत्र मुलं पाठ करतात आणि पेपरात लिहून मोकळी होतात. गडचिरोलीकडच्या एखाद्या शाळेत नव्याने विज्ञान शिकवायला आला असाल, तर त्याच सूत्रावर डिंकाची ताकद मोजून घ्या. सामान गावातच मिळतं: बाभळीचा नाहीतर धावड्याचा डिंक, तांदळाच्या पिठाची खळ आणि दुकानातला फेव्हिकॉल. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांच्या दिवसांत झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, नाटकांची पोस्टरं लागतात, त्यामुळे खळ कशाशी खातात हे पोरांना वेगळं सांगावं लागत नाही.

सुताराकडून एकाच फळीच्या २ सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापून घ्या. सागवानाच्या नकोत. आपल्याकडे साग हाताशी असतो म्हणून मोह होतो, पण त्यात तेलकटपणा असतो. ताजा घासलेला नसेल तर डिंक नीट धरत नाही. दोन पट्ट्यांची टोकं अर्धा सेंटीमीटर एकमेकांवर चढवून चिकटवा, वर वीट ठेवा, रात्रभर सुकू द्या. दुसऱ्या दिवशी वरची पट्टी खिडकीच्या गजाला टांगा, खालच्या पट्टीला बादली अडकवा आणि मापाच्या मगाने पाणी ओतत जा. १ लीटर पाणी म्हणजे १ किलो, वजनकाट्याची गरज नाही. रिकाम्या बादलीचं वजन मात्र मिळवायला लावा, ते हमखास राहतं. बादली जमिनीपासून चार बोटंच वर हवी.

समजा १२ किलोला सांधा सुटला. १२ गुणिले ९.८ म्हणजे साधारण ११८ न्यूटन, क्षेत्रफळ १०० चौरस मिलिमीटर, म्हणजे ताकद १.१८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. इथे वर्गात टाळ्या पडतात आणि गुरुजीही खूश होतात. मला विचाराल तर खरा तास इथून सुरू होतो. तुटलेले दोन्ही तुकडे मुलांच्या हातात द्या आणि विचारा, डिंक कुठे गेला?

एक बाजू स्वच्छ आणि सगळा डिंक दुसऱ्या बाजूला राहिला असेल, तर पकडच बसली नव्हती. धूळ, तेल, नाहीतर लावायला उशीर. दोन्हीकडे डिंकाचा थर दिसला, तर डिंकच आतून फाटला. आणि लाकडाचे तंतू उपटून आले, तर सांध्याने लाकडालाही मागे टाकलं. तो आकडा मग डिंकाचा नसून लाकडाचा. ‘सर, इथं तं डिंक लागलाच नाही!’ असं एखादी पोरगी ओरडली की समजा, तिला तपासणी कळली. वहीत आकड्यापुढे हा रकाना सक्तीचा ठेवा.

फेव्हिकॉलचा चांगला सांधा या बादलीला दाद देत नाही. त्यासाठी फळीवर कापडाची पट्टी चिकटवून ती एका टोकापासून उलटी सोलून काढा. सगळा ताण सोलल्या जाणाऱ्या रेघेवर येतो, म्हणून थोडक्या वजनातच काम होतं. इथे बल क्षेत्रफळाने नाही, पट्टीच्या रुंदीने भागायचं. एका प्रकारचे आकडे दुसऱ्या प्रकाराशी ताडून बघू नका.

हुशार मुलं विचारतात, चढवलेला भाग दुप्पट केला तर वजनही दुप्पट पेलेल का? पेलत नाही. ताण सांध्यावर सारखा पसरत नाही, टोकांना जास्त येतो, आणि पट्ट्या एका रेषेत नसल्याने सांधा थोडा वाकतोसुद्धा. म्हणून प्रमाणित चाचण्यांतही हे माप ठरवून दिलेलं असतं. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या, धातूच्या पट्ट्यांसाठीच्या डी १००२ या चाचणीत ते १२.७ मिलिमीटर आहे. आपलं अर्धा सेंटीमीटर ठरलं, की वर्षभर तेच ठेवा. प्रत्येक डिंकाचे पाच-सहा नमुने तरी हवेत, आणि सरासरीसोबत सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडाही लिहायला लावा.

झटपट चिकटणारं सायनोॲक्रिलेट मुलांच्या हाती देऊ नका. बोटं तर चिकटतातच, पण सुती कापडावर सांडलं तर भाजण्याइतकं तापतं.

प्रयोग उन्हाळ्याच्या तोंडाशी घेतलात तर सांधे रात्रीत वाळतात. पावसाळ्यात हवा ओलसर, म्हणून एकाऐवजी दोन-तीन दिवस धरा. खळीला तेव्हा बुरशी येते. बाइंडिंगवाले त्यात मोरचूद घालतात, पण ते विषारी. वर्गात रोज थोडी ताजी खळ शिजवलेली बरी.