लिनक्स कर्नलच्या वायरलेस ड्रायव्हरमधला बाइट-क्रम: पहिला पॅच पाठवण्याआधी

नांदेड, लातूर किंवा संभाजीनगरच्या वसतिगृहातला लॅपटॉप इंटेलचा असो की एएमडीचा, तो लिटल-एंडियनच असतो, म्हणजे आकड्याचा खालचा बाइट आधी ठेवतो (बिग-एंडियन म्हणजे वरचा बाइट आधी). वाय-फायच्या ८०२.११ फ्रेमच्या हेडरमधली दोन बाइटांची फील्डंही लिटल-एंडियनच. त्यामुळे रूपांतर विसरलं तरी तुमच्याकडे वाय-फाय जोडलं जातं, पिंगही जातो. तोच कोड अथेरॉस एआर-९३३१ सारख्या बिग-एंडियन मिप्स चिपच्या राउटरवर चढवला की खरी परीक्षा होते.

बीकन म्हणजे राउटर आपली हजेरी सांगायला ठरावीक वेळाने पाठवतो ती फ्रेम; तिचा अंतराल साधारणपणे १०० टीयू असतो. एक टीयू म्हणजे १०२४ मायक्रोसेकंद. १०० म्हणजे हेक्समध्ये ६४, म्हणून हवेत आधी ६४ आणि मग ०० जातो. बिग-एंडियन सीपीयूने ते जसेच्या तसे उचलले तर आकडा हेक्स ६४०० होतो, म्हणजे २५,६०० टीयू, सव्वीस सेकंदांहून जास्त! हे निदान डोळ्यांना खटकतं तरी. सिक्वेन्स कंट्रोल हे फील्ड जास्त फसवं आहे: त्यात खालचे ४ बिट तुकड्याचा क्रमांक, वरचे १२ फ्रेमचा. फ्रेम १००, तुकडा ० म्हणजे हेक्स ०६४०. उलटं वाचलं तर ४००६, म्हणजे फ्रेम १०२४, तुकडा ६. कर्नल कोसळत नाही, पॅकेटं मात्र गुपचूप गळत राहतात.

म्हणून सगळीकडे लिटल-एंडियन धरून चालावं का? नाही. डेटाच्या आधी येणाऱ्या एलएलसी-स्नॅप हेडरमधला प्रोटोकॉलचा प्रकार बिग-एंडियन असतो (आयपी-४ साठी ०८००). ईएपीओएल-की फ्रेममध्ये (वाय-फायच्या किल्ल्या ठरवणारी फ्रेम) की-माहिती, लांबी आणि रिप्ले काउंटर बिग-एंडियन. पण त्याच फ्रेमच्या की-डेटामध्ये आरएसएन एलिमेंट (सुरक्षेच्या पद्धतींची माहिती) आलं, तर त्यातली आवृत्ती आणि सायफरची संख्या लिटल-एंडियन. मॅक पत्ता हा नुसत्या बाइटांचा अ‍ॅरे, त्याला हात लावायचा नाही.

स्ट्रक्चरमधल्या फील्डला साधा यू-१६ न देता एलई-१६ किंवा बीई-१६ हा प्रकार द्या, म्हणजे स्पार्स हे कोड तपासणारं साधन चूक पकडू शकतं. कॉन्फिगमध्ये ड्रायव्हर चालू करा आणि मेक या बिल्ड कमांडला सी=२ देऊन (त्याने स्पार्स चालतं) शेवटी त्या फोल्डरचा पत्ता द्या; पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ विसरू नका. अख्खं कर्नल बांधायची गरज नाही. लोडशेडिंगच्या गावात बॅटरीवरच्या लॅपटॉपला हाच मार्ग परवडतो. जुन्या लेखांत एंडियन तपासणीचा वेगळा झेंडा (फ्लॅग) द्यायला सांगितलेलं असतं, कर्नल ४.१० पासून तो लागत नाही. डेटा वाचवायला गिटने कर्नल डेप्थ १ ने क्लोन केलंत तर इतिहास येत नाही, आणि फिक्सेस टॅगसाठी (चूक कोणत्या जुन्या कमिटमध्ये आली ते सांगणारी ओळ) तो लागतो.

स्पार्सचा इशारा दिसला की त्याला गप्प करणारा फोर्स लावून कास्ट करणं (प्रकार जबरदस्तीने बदलणं) हा नवख्यांचा आवडता उपाय. त्याने इशारा जातो, बग राहतो. आधी ते फील्ड कुठून येतं ते शोधा: हवेतून, फर्मवेअरकडून, की ड्रायव्हरच्याच हिशेबातून? बाहेरून आलेलं मूल्य वापरायच्या जागी एकदाच एलई-१६-टू-सीपीयूने बदला. नुसती तुलना करायची असेल तर फील्डऐवजी स्थिरांकाचा क्रम बदलणं बरं, ते काम कंपायलर आधीच करून ठेवतो. रीडएल हे फंक्शन चिपच्या रजिस्टरमधलं मूल्य सीपीयूच्या क्रमातच देतं. त्यावर पुन्हा एलई-३२-टू-सीपीयू लावलं की बिग-एंडियनवर बाइट दोनदा उलटतात. हवेतल्या फ्रेमचं स्ट्रक्चर सी भाषेच्या बिटफील्डने लिहू नका, बिटांची मांडणी कंपायलर ठरवतो. विषम पत्त्यावरच्या फील्डसाठी गेट-अनअलाइन्ड-एलई-१६ वापरा.

पॅचमध्ये फक्त प्रकार बदलले असतील तर डीबग माहिती बंद ठेवून, मिप्सच्या क्रॉस-कंपायलरने आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल बनवा. दोन्हींतला यंत्रकोड तंतोतंत सारखा हवा. फरक निघाला तर तुम्ही वर्तन बदललंय. मग तो पॅच वेगळा करा आणि कोणतं फील्ड, कुठल्या सीपीयूवर, काय चुकत होतं ते संदेशात लिहा.