कलेजी किती खाल्ली तर चालते? व्हिटॅमिन ए चा साधा हिशोब

रविवारी मटण आणलं की आमच्याकडे कलेजी आधी तव्यावर पडते, आलं-लसूण, हळद, मीठ, वरून काळी मिरी, बास, आणि कुकरची शिट्टी होईस्तोवर ती संपलेली पण असते. परवा फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकलं की कलेजीने विषबाधा होते, झालं, काकूने त्या रविवारी हातच लावला नाही.

तर, विषबाधा होते हे खरंय, आणि ती कलेजीतल्या व्हिटॅमिन ए मुळे. पण कुठल्या प्राण्याची, किती आणि किती वेळा, हे महत्त्वाचं.

व्हिटॅमिन ए चरबीत विरघळतं, सी सारखं लघवीवाटे निघून जात नाही, ते लिव्हरमध्ये साठत राहतं, आपल्याही आणि बोकडाच्याही. बोकड पाला खातो, त्याचा साठा बेताचा. ध्रुवीय अस्वल सील खातं, सील मासे खातात, असा तो साठा वर वर चढत जातो आणि अस्वलाच्या १ ग्रॅम लिव्हरमध्येच १३ ते १८ हजार युनिट (व्हिटॅमिन ए मोजायचं माप, IU) निघतात. मोठ्या माणसाची रोजची वरची मर्यादा आहे १० हजार, म्हणजे शेंगदाण्याएवढ्या तुकड्यातच दिवसाची मर्यादा ओलांडली. १५९७ मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या नोवाया झेमल्या बेटावर अडकलेल्या, दर्यावर्दी बॅरेंट्सच्या डच खलाशांनी अस्वलाचं लिव्हर खाल्लं आणि तिघांची कातडी डोक्यापासून पायापर्यंत सोलून निघाली. अंटार्क्टिकात मॉसन आणि मर्ट्झ या शोधप्रवाशांनी उपासमारीत स्लेज (बर्फावरची गाडी) ओढणारी कुत्री खाल्ली, लिव्हरसकट, मर्ट्झ जानेवारी १९१३ मध्ये गेला, मॉसनच्या तळपायाची कातडी सुटून आली ती त्याने परत बांधून चालणं सुरू ठेवलं. यामागे व्हिटॅमिन ए होतं असा बऱ्याच जणांचा संशय आहे, काहींच्या मते नुसती भूक आणि थंडी.

आता आपलं ताट. मी एकदा वजनकाट्यावर ठेवून बघितलं, माझ्या वाटणीचे सहा तुकडे, १२० ग्रॅम. बकरी-मेंढीच्या १०० ग्रॅम कलेजीत साधारण २५ हजार युनिट धरा, कोंबडीच्या ११ हजार. मर्यादेच्या वरच की! हो, पण ती मर्यादा रोज रोज खाण्यासाठी आहे, एका जेवणाची नाही. अंगणवाडीत लहान मुलांना सहा महिन्यांतून एकदा २ लाख युनिटचा डोस पाजतातच ना. त्यामुळे आठवड्यातून एकदा, १०० ग्रॅमच्या आसपास, बिनधास्त खा. रक्त वाढावं म्हणून रोज वाटीभर, हे मात्र बंद करा. दुधात भिजवून किंवा व्हिनेगरने धुवून वास जातो, व्हिटॅमिन नाही, आणि शिजवूनही फारसं कमी होत नाही.

कलेजी खाणार असाल तर घरातल्या गोळ्यांची पाकिटं उलटून बघा. कॉड लिव्हर ऑइल, मल्टीव्हिटॅमिन, त्यावर रेटिनॉल किंवा रेटिनिल पाल्मिटेट (दोन्ही व्हिटॅमिन ए चीच रूपं) लिहिलं असेल तर ते पण याच हिशोबात धरायचं. गाजरातल्या बीटा कॅरोटीनने (यापासून शरीर लागेल तसं व्हिटॅमिन ए बनवतं) असं होत नाही, गाजरं खाऊन फार तर तळहात पिवळे पडतील. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय कलेजी नको, ते औषध व्हिटॅमिन ए चंच भावंड आहे. आणि मोठ्या मुशीचं (शार्क माशाचं) लिव्हर कुणी कौतुकाने दिलं तरी नको, पूर्वी व्हिटॅमिन ए साठी त्याचंच तेल काढायचे.

गरोदर बाईला तर कलेजीचा आग्रह अजिबात करू नका, सासूबाई कितीही म्हणोत. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीच्या व्हिटॅमिन ए ने बाळात व्यंग येऊ शकतं, ब्रिटनमध्ये तर गरोदरपणी कलेजी पूर्ण टाळा असंच सांगतात. लोहासाठी डॉक्टरने दिलेल्या गोळ्या आहेत, मटणाचे बाकीचे तुकडे आहेत.

एकदम जास्त झालं तर डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या, गुंगी, अंधुक दिसणं, मग कातडी सुटणं. हळूहळू साठलं तर ओठ फाटतात, केस गळतात, हाडं दुखतात, आणि आपण ते थंडीवर ढकलतो. असं काही वाटलं तर डॉक्टरकडे जाताना काय खाल्लं आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत ते लिहून न्या.

घरात मांजर असेल तर तिलाही रोज कलेजीच घालू नका, महिनोन्महिने तेच खाऊन मांजरांच्या मानेची हाडं एकमेकांना जुळून जातात आणि मग तिला अंग चाटायला मान वळवता येत नाही.