अमेरिकेतल्या दिव्यांग मुलासाठी ट्रस्ट: एसएसआय आणि मेडिकेड न गमावता सोय कशी लावावी

आपल्यामागे लेकराचं काय, या काळजीने आईवडील आधी त्याच्या नावावर पैसे ठेवायला धावतात. अमेरिकेत नेमकं तेच करू नये. एसएसआय हा दिव्यांगांना मिळणारा सरकारी मासिक भत्ता मिळायचा, तर त्या व्यक्तीच्या नावावर मोजण्याजोगी मालमत्ता २,००० डॉलरच्या वर चालत नाही. (राहतं घर आणि एक गाडी धरत नाहीत.) हा आकडा १९८९ पासून जागचा हललेला नाही. बहुतेक राज्यांत एसएसआयच्या पाठोपाठ मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, मिळतं, आणि खरी गरज त्याचीच असते.

“आमचा पगार बघता आम्हाला कोण देणार?” असं म्हणून बरीच मराठी कुटुंबं विषय बाजूला ठेवतात. पण मूल १८ वर्षांचं झालं की आईवडिलांचं उत्पन्न मोजत नाहीत. तेव्हा त्याआधीच कामाला लागा.

यावर उपाय म्हणजे ट्रस्ट: पैसा मुलाच्या नावावर न ठेवता ट्रस्टीच्या (विश्वस्ताच्या) ताब्यात ठेवायचा आणि त्याने तो मुलासाठी खर्च करायचा. आधी पैसा कोणाचा ते बघा. आईवडिलांचा किंवा आजीआजोबांचा असेल, तर ‘थर्ड-पार्टी स्पेशल नीड्स ट्रस्ट’ करावा. मुलाच्या पश्चात उरेल ते भावंडांना देता येतं. पैसा मुलाचा स्वतःचा असेल, उदाहरणार्थ अपघाताची भरपाई, तर ‘फर्स्ट-पार्टी’ ट्रस्ट लागतो. तो वयाच्या ६५ च्या आत करावा लागतो आणि मुलाच्या पश्चात मेडिकेडने केलेला खर्च आधी राज्याला फेडावा लागतो. हे दोन पैसे एकत्र करू नका, नाहीतर तुमच्या कमाईवरही राज्याचा हक्क लागतो.

मग याच कामातला, तुमच्या राज्यातला वकील गाठा. मसुद्यात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून वाचा: खर्च करायचा की नाही, हे पूर्णपणे ट्रस्टीच्या मर्जीवर हवं. ‘उदरनिर्वाहासाठी दरमहा इतके द्यावेत’ अशी सक्ती असली, तर तो पैसा मुलाचाच धरला जाण्याची भीती असते. ट्रस्टी म्हणून भावंड चालतं, पण जोडीला व्यावसायिक ट्रस्टी असलेला बरा. रक्कम लहान असेल, तर अनेकांचे पैसे एकत्र सांभाळणारा, सेवाभावी संस्था चालवतात तो ‘पूल्ड ट्रस्ट’ परवडतो.

ट्रस्ट झाला की आयुर्विमा, ४०१(के) (नोकरीतलं निवृत्तीबचत खातं) आणि मृत्युपत्र यांत मुलाच्या जागी ट्रस्टचं नाव घाला. हे राहून गेलं, तर वकिलाची फी पाण्यात. आणि भारतात फोन करा. आजोबांनी प्रेमाने कोथरूडचा फ्लॅट नातवाच्या नावे लिहून ठेवला, तर तो परदेशात आहे म्हणून हिशेबातून सुटत नाही. मृत्युपत्र बदलताना दोन्हीकडच्या वकिलांना विचारा.

खर्चाची शिस्त मात्र कायमची. मुलाच्या हातात रोख दिली, की जवळपास तेवढाच भत्ता कापला जातो. ट्रस्टीने दुकानदाराला, थेरपिस्टला किंवा विमान कंपनीला थेट पैसे द्यावेत. किराणा ३० सप्टेंबर २०२४ पासून मोजत नाहीत. घरभाडं किंवा वीजबिल भरलं तर भत्ता घटतो, पण जास्तीत जास्त एसएसआयच्या केंद्रीय मासिक दराच्या एक तृतीयांश अधिक २० डॉलर इतकाच. कित्येकदा चांगल्या जागेसाठी एवढी कपात सोसणं शहाणपणाचं ठरतं.

भाड्याला दुसरी वाटही आहे: ट्रस्टीने ‘एबल’ खात्यात (दिव्यांग व्यक्तीच्या नावावरचं खास बचत खातं) पैसे टाकायचे आणि भाडं तिथून भरायचं. मग कपात होत नाही. अपंगत्व ४६ वर्षांच्या आत आलेलं असेल, तर १ जानेवारी २०२६ पासून हे खातं उघडता येतं. पूर्वी ही अट २६ ची होती. त्यातले पहिले एक लाख डॉलर एसएसआयसाठी मोजत नाहीत.

भारतवारीचं तिकीट ट्रस्टमधून खुशाल काढा, फक्त परतीची तारीख बघून. सलग ३० दिवस अमेरिकेबाहेर राहिलं की एसएसआय थांबतो, आणि परत आल्यावर सलग ३० दिवस अमेरिकेत काढल्याशिवाय सुरू होत नाही.