बससाठी निवेदन देताय? आधी या चुका टाळा

हुडकेश्वर, दिघोरी, वाठोडा, पारडी... नागपूरच्या कडेच्या वस्त्यांतून मनपाच्या शहर बसची, म्हणजे ‘आपली बस’ची मागणी सतत होते. मागणी रास्त असते, तरी निवेदन फाईलला लागून पडून राहतं. बरेचदा उणीव निवेदनातच असते.

‘बस वाढवा’ एवढंच लिहिणं. यावर ‘नोंद घेतली’ असं उत्तर देऊन अधिकारी मोकळा होतो. त्यापेक्षा आठवडाभर स्टॉपवर एक वही ठेवा. रकाने पाचच: मार्ग क्रमांक, ठरलेली वेळ, आलेली वेळ, थांबली की नाही, चढता न आलेले किती. मग निवेदनात लिहिता येतं की अमुक मार्गावरची सकाळी 7 ची फेरी सहापैकी चार दिवस आलीच नाही. हे खोडायचं तर परिवहन विभागाला स्वतःच्या नोंदी काढाव्या लागतात.

आणि नोंदी असतातच. बस चालवणाऱ्या ऑपरेटरला पैसे किलोमीटरवर मिळतात, त्यामुळे कोणती बस किती धावली याचा हिशेब ठेवावाच लागतो. तोच माहिती अधिकारात मागा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. ‘बस का येत नाही?’ असं विचारू नका. कारणमीमांसा द्यायला ते बांधील नाहीत. ‘अमुक मार्गावरच्या मंजूर फेऱ्या आणि प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या, तारीखवार’ असं मागा.

बसमध्ये न बसणाऱ्यांनी मागणी ठरवणं. ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. पुढाकार घेणारे बहुतेक गाडीवर फिरणारे असतात, त्यांच्या डोळ्यांसमोर ऑफिसची वेळ असते. धरमपेठ, रामदासपेठेत घरकामाला जाणाऱ्या बाया त्याच्या कितीतरी आधी निघतात आणि भर दुपारी परततात, नेमक्या त्याच वेळी फेऱ्या विरळ असतात. मेडिकलच्या (सरकारी रुग्णालयाच्या) ओपीडीत नंबर लावायचा असलेला पेशंट, हिंगणा एमआयडीसीतून रात्री सुटणारा कामगार, यांच्याशी बोलल्याशिवाय वेळा ठरवू नका. सह्या स्टॉपवर घ्या, बैठक रविवारी वस्तीतच ठेवा. दिव्यांग प्रवाशाला बसची पहिली पायरी चढता येते का, तेही विचारा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम वाहतुकीची तरतूद आहे.

चुकीचं दार ठोठावणं. शहर बस मनपाची, लालपरी एसटीची, मेट्रो महामेट्रोची, ऑटोचं मीटर आरटीओकडे. डिसेंबरच्या अधिवेशनात यशवंत स्टेडियमहून मोर्चा काढून एका फेरीची वेळ बदलत नाही. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून मिळणारी 50 टक्के सवलत शहर बसलाही हवी, असं म्हणायचं असेल तर मात्र राज्य सरकारकडेही जाता येईल. निवेदन कुठेही द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय परतू नका.

मेट्रोविरुद्ध बस असा वाद घालणं. मेट्रोचे दोन मार्ग बर्डीला (सीताबर्डीला) मिळतात, पण हुडकेश्वरच्या माणसाला स्टेशन गाठायलाच ऑटो लागतो. स्टेशनपर्यंत फीडर बस मागा, दोन्हींचे प्रवासी वाढतील.

फेरी मिळाली की गप्प बसणं. नवी बस सुरू झाल्याचं निम्म्या वस्तीला कळतच नाही. वेळा मोठ्या अक्षरांत लिहून स्टॉपवर, किराणा दुकानात, अंगणवाडीत लावा; नाहीतर ‘उत्पन्न कमी’ असं दाखवून तीच फेरी बंद व्हायला वेळ लागत नाही.